लयीचे औचित्य

पियानोसाठी छापलेल्या संगीताच्या पहिल्या पानावर, शीर्षकाच्या खाली आणि स्वरांच्या पहिल्या ओळीच्या वर, थोडी मोकळी जागा असते. रचना कोणत्या गतीने वाजवावी हे तेथे दोन-तीन शब्दांत सांगितलेले असते. हे शब्द बहुधा इटालियन असतात, आणि वाजवणारा त्यांच्यावर ओझरती नजर टाकून पुढे जातो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत छापल्या गेलेल्या काही रचनांवर मात्र या जागेजवळ निराळाच मजकूर आढळतो. तो कचेरीच्या भिंतीवर लावलेल्या जाहीर सूचनेसारखा आहे. ही रचना जलद वाजवू नये, रॅगटाइम जलद वाजवणे केव्हाही उचित नव्हे, असा त्याचा आशय. आणि ही सूचना प्रकाशकाची नसून रचनाकाराच्या वतीने दिलेली आहे. हा रचनाकार म्हणजे स्कॉट जॉप्लिन.

या सूचनेची भाषा विचार करायला लावणारी आहे. जलद वाजवल्यास रचना कानाला बरी लागणार नाही, असे ती सांगत नाही. ती उचित-अनुचिताची भाषा बोलते. चुकीचा स्वर वाजवणे ही चूक आहे, हे कोणीही मान्य करील. परंतु सगळे स्वर अचूक वाजवले आणि केवळ जरा लवकर वाजवले, तर त्यात अनुचित ते काय घडले? आणि कोणाच्या बाबतीत घडले? जॉप्लिन १९१७ मध्ये मरण पावला. आज एखाद्या माणसाने आपल्या घरात, दार लावून, त्याची एखादी रचना दुप्पट वेगाने वाजवली, तर ती ऐकायला दुसरे कोणी नाही, प्रतिष्ठेला बाध यावा असा समाज उपस्थित नाही, आणि ज्याने विनंती केली त्याला तर काहीच कळण्याचा संभव नाही. तरीही काहीतरी मोडले गेले असे म्हणता येईल काय? प्रश्न वरकरणी क्षुल्लक आहे. पण मृतांच्या इच्छेचे जिवंतांवर किती ओझे असावे, हा जुना प्रश्न त्याच्या पोटात आहे, आणि मृत्युपत्रापेक्षा तो येथे अधिक अवघड रूपात उभा राहतो. मृत्युपत्रातील इच्छा एकदा पुरी केली की तिचे काम संपते. संगीतावर लिहिलेली इच्छा प्रत्येक वादनाबरोबर नव्याने समोर येते.

जॉप्लिनचा जन्म १८६७ किंवा १८६८ मधला, टेक्सास राज्याच्या ईशान्य भागातला. बाप गुलामगिरीत जन्मलेला, पुढे मुक्त झालेला, व्हायोलिन वाजवणारा. आई गोऱ्या कुटुंबांत घरकाम करणारी. टेक्सारकाना गावात ज्यूलियस वाइस नावाच्या, जर्मनीहून आलेल्या संगीतशिक्षकाने या मुलाला युरोपीय संगीताची ओळख करून दिली. पुढे मिझुरी राज्यातल्या सेडेलिया या रेल्वेच्या गावी, काळ्या लोकांच्या क्लबांत आणि नाचगाण्याच्या ठिकाणी पियानो वाजवीत असता १८९९ मध्ये त्याचा ‘मेपल लीफ रॅग’ प्रसिद्ध झाला. प्रकाशक जॉन स्टार्क हा गोरा दुकानदार होता. ऑगस्ट १८९९ मध्ये झालेल्या करारात प्रत्येक प्रतीमागे एक सेंट रचनाकाराला द्यावा असे ठरले. एकरकमी दहा-वीस डॉलर हातावर ठेवून काळ्या वादकाची रचना विकत घेण्याच्या त्या काळात हा एक सेंट ही मोठी गोष्ट होती. रचनेवर रचनाकाराचा हक्क तिच्या विक्रीनंतरही उरतो, ही कल्पनाच त्यात मान्य झालेली होती. गतीविषयीची पुढची सूचना याच कल्पनेची वेगळ्या भाषेतली मागणी आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

मराठी वाचकाला ‘रॅग’ या शब्दावरून ‘राग’ आठवणे स्वाभाविक असले, तरी दोहोंचा काडीमात्र संबंध नाही. बहुधा चिंधी, फाटके या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून ते नाव आले: रॅगटाइम म्हणजे फाटलेला काळ, विरलेली लय. डावा हात कवायतीच्या बँडप्रमाणे एका मात्रेवर खर्जाचा स्वर आणि दुसऱ्या अंगावर स्वरसंघ असा सरळ ठेका चालवतो. उजवा हात त्या ठेक्यावर गाण्याची ओळ वाजवतो, पण तिचे आघात ठेक्याच्या जागी पडत नाहीत. ते थोडे आधी येतात, थोडे मागून येतात. आपल्याकडे तबल्याच्या साथीत गाणारा समेच्या अलीकडे-पलीकडे आघात देऊन जी अतीत-अनागताची गंमत करतो, तिच्याशी याचे दूरचे साम्य आहे. फरक असा की येथे ती गंमत आयत्या वेळची नसून प्रत्येक आघात कागदावर लिहिलेला आहे, आणि गवई व तबलजी ही दोन माणसे एकाच माणसाच्या दोन हातांत राहतात. सोळा-सोळा मापांची साधारणपणे चार प्रकरणे, त्यांची ठरलेली पुनरावृत्ती, आणि या सगळ्याच्या आत दोन हातांमधली ही सततची ओढाताण, एवढा रॅगचा संसार.

ही ओढाताण हेच रॅगटाइमचे सर्वस्व आहे, आणि गतीचा प्रश्न येथेच निर्माण होतो. कानाला दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध चालल्याचे कळण्यासाठी त्या दोन्ही वेगवेगळ्या ऐकू याव्या लागतात. विशिष्ट वेगानंतर उजव्या हाताचे आडवे आघात निराळे ऐकू येईनासे होतात. ते एका चमचमत्या सरीत विरघळतात, आणि डावा हात केवळ धाप लागल्यासारखा ठोके देत राहतो. ऐकणारा थक्क होतो, परंतु थक्क होतो तो बोटांनी. रचना त्या बोटांच्या मागे कोठेतरी असते.

१८९० च्या दशकात काळ्या वादकाच्या बोटांकडे पाहण्याची अमेरिकेला सवय होती, आणि ती सवय निर्मळ नव्हती. गोरे नट तोंडाला काजळी फासून काळ्या माणसाची नक्कल करीत. त्या नकलेत काळा माणूस नेहमी हसरा, चपळ, बिनडोक आणि अथक नाचणारा असे. रॅगटाइमच्या नावाखाली त्याच काळात जी गाणी विकली गेली त्यांच्या मुखपृष्ठांवरची चित्रे आज पाहवत नाहीत. दारूच्या गुत्त्यांतून आणि वेश्यावस्तीतल्या दिवाणखान्यांतून पियानोवादकांच्या चढाओढी होत, आणि वेग हे चढाओढीतले सर्वांना कळणारे माप होते. अशा वातावरणात एक काळा वादक आपल्या रचनेवर छापून घेतो की ही जलद वाजवू नये, तेव्हा तो एक प्रकारे आपल्या हातांवरची नजर दूर सारून कानांची मागणी करीत असतो. मी चपळ आहे हे तुम्ही मान्य केलेलेच आहे, आता मी काय लिहिले आहे ते ऐका, असे काहीसे.

जॉप्लिनच्या आयुष्यातल्या इतर खटाटोपांकडे पाहिले तर हा अर्थ ओढून ताणून काढलेला वाटत नाही. १९०३ मध्ये त्याने ‘अ गेस्ट ऑफ ऑनर’ नावाचा ऑपेरा रचला. बुकर टी. वॉशिंग्टन या काळ्या नेत्याने १९०१ मध्ये व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्यासमवेत घेतलेले जेवण हा त्याचा विषय मानला जातो. त्याची संहिता हरवली ती आजतागायत मिळालेली नाही. १९०८ मध्ये त्याने ‘स्कूल ऑफ रॅगटाइम’ ही सहा स्वराभ्यासांची लहान पुस्तिका काढली. तीत तो हाडाच्या शिक्षकासारखा बोलतो: या संगीताला टाकाऊ म्हणू नये, ते टिकणारे आहे, प्रत्येक स्वराला त्याचा लिहिलेला अवधी द्यावा, आणि लयीचा झोका अंगात भिनेपर्यंत सावकाश वाजवावे. नंतरही घाई करू नये, हे सांगायला तो विसरत नाही. नवशिक्याला दिलेला हा व्यवहारी सल्ला आहे, असेही कोणी म्हणेल, आणि ते खोटे नाही. रॅग विकत घेणाऱ्यांत घरातल्या पियानोवर हात बसवू पाहणाऱ्या मध्यमवर्गीय मुलींची संख्या मोठी होती. ‘मेपल लीफ’ त्यांच्या बोटांना जड जाई, आणि वेगाच्या मोहात त्या रचनेचा चुराडा करीत. पण हा खुलासा अपुरा आहे. केवळ नवशिक्यांसाठी सांगायचे असते तर ‘आधी सावकाश, मग जलद’ असे सांगता आले असते. सगळे संगीतशिक्षक तसेच सांगतात. जॉप्लिन ‘केव्हाही नको’ म्हणतो.

आता त्याचे ‘सावकाश’ किती सावकाश होते हे पाहणे आवश्यक आहे, कारण या प्रश्नावर बोलणारे बहुतेक लोक तो तपशील वगळून बोलतात. ‘मेपल लीफ रॅग’वर गतीचा निर्देश कवायतीच्या चालीचा आहे. १९०२ च्या ‘द एंटरटेनर’वर ‘जलद नको’ एवढेच आहे. १९०८ च्या ‘पाइनॲपल रॅग’वर मात्र ‘संथ कवायतीची चाल’ या शब्दांबरोबर लयमापक यंत्राचा आकडाही दिलेला आहे: मिनिटाला १०० ठोके. अमेरिकी लष्कराची नेहमीची जलद चाल मिनिटाला १२० पावलांची असते. म्हणजे जॉप्लिनचा संथपणा हा पलटणीपेक्षा षष्ठांशाने कमी वेगाने, पण ताठ मानेने रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाचा संथपणा आहे. या वेगाने वाजवतानाही उजव्या हाताला सेकंदाला सहा-सात स्वर टाकण्याची पाळी येते. हे देवळातले गंभीर संगीत नव्हे. नाचायला लावणारी गोष्टच आहे. फक्त ती धावत नाही.

असे असता ‘जलद’ या शब्दाचा अर्थ आकड्याने पुरा होत नाही हे उघड आहे. सूचना नेहमी कोणाच्या तरी विरुद्ध लिहिलेली असते. रस्त्यावर ‘थुंकू नये’ ही पाटी जेथे थुंकतात तेथेच लागते. जॉप्लिनच्या डोळ्यांसमोर जे वादक होते ते किती वेगाने वाजवीत याचा ध्वनी आता उरलेला नाही. इतकेच काय, खुद्द जॉप्लिनच्या वादनाचीही एकही ध्वनिमुद्रिका नाही. १९१६ मध्ये त्याने यांत्रिक पियानोसाठी काही रचना वाजवल्या, त्या कागदाच्या गुंडाळीवर छिद्रांच्या रूपाने शिल्लक आहेत, आणि नीतीच्या या सगळ्या चर्चेला थोडे जमिनीवर आणणारा पुरावा तोच आहे. या गुंडाळ्यांवर वेगाचा आकडा छापलेला असे. सत्तर म्हणजे मिनिटाला सात फूट कागद. परंतु तो वेग लावणारा खटका असे घरमालकाच्या हाताशी. म्हणजे ज्या माणसाने वेगाविषयी एवढा आग्रह धरला, त्याच्या स्वतःच्या हातांचा वेग विकत घेणाऱ्याच्या मर्जीवर सोपवलेला होता. त्यातही कागद ज्या रुळावर गुंडाळला जातो त्याची जाडी वाढत जाते, आणि त्यामुळे यंत्र शेवटाकडे आपोआप किंचित घाई करते. शिवाय कारखान्यातले संपादक छिद्रे सारखी करीत, पदरचे स्वरही घालीत. त्यांपैकी ‘मेपल लीफ’ची एक गुंडाळी फारशी दुरुस्त न झालेली आहे असे मानतात. ती अडखळत चालते. जॉप्लिन तेव्हा उपदंशाच्या शेवटच्या अवस्थेकडे झुकत होता. काहींना त्या अडखळण्यात आजार ऐकू येतो, काहींना केवळ छिद्रे पाडणाऱ्याचा निष्काळजीपणा. रचनाकाराचा हात हेच अंतिम प्रमाण, असे म्हणणाऱ्यांनी या गुंडाळीचे काय करायचे ते सांगितलेले नाही.

येथपर्यंत बाजू जॉप्लिनची झाली. तिच्या विरुद्ध उभे राहणारे लोक थिल्लर असते तर प्रश्न सोपा झाला असता. ते तसे नाहीत. बॉल्टिमोरचा यूबी ब्लेक रॅग वेगाने वाजवी आणि वयाची नव्वदी उलटल्यावरही वाजवीत होता. हार्लेममधल्या जेम्स पी. जॉन्सन आणि त्याच्या सोबत्यांनी रॅगटाइमच्या डाव्या हाताला लांब ढांगा टाकायला शिकवले, त्यावरून त्या शैलीला ‘स्ट्राइड’ हे नावच पडले. (हिंदुस्थानलाही तिची ओळख झाली. याच वळणाचा टेडी वेदरफर्ड हा काळा अमेरिकी पियानोवादक १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवी. तो १९४५ मध्ये कलकत्त्यात पटकीने वारला.) जॉन्सनने जॉप्लिनची ‘युफॉनिक साउंड्स’ ही अवघड रचना १९४० च्या दशकात ध्वनिमुद्रित केली. ती ऐकताना त्याने सूचना पाळली असे कोणी म्हणणार नाही, आणि त्याने रचना ऐकली नव्हती असेही कोणी म्हणणार नाही. न्यू ऑर्लीन्सचा जेली रोल मॉर्टन १९३८ मध्ये वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात ॲलन लोमॅक्स या संग्राहकापुढे बसला, आणि ‘मेपल लीफ’ आधी मिझुरीकडच्या पद्धतीने व नंतर आपल्या पद्धतीने वाजवून त्याने दोहोंतला फरक दाखवला. दुसऱ्या वेळी स्वरांचे अवधी लांबले, आखडले, नवे स्वर आले, डाव्या हाताने ठेका सोडून संवाद सुरू केला. मॉर्टनचा स्वभाव बढाईखोर होता, पण त्या दिवशी त्याने मांडलेला मुद्दा बढाईचा नाही. आपण रचना बिघडवली असे त्याला वाटत नव्हते. ती जिवंत कशी राहते याचे तो प्रात्यक्षिक देत होता.

ही सगळी माणसे जॉप्लिनच्याच समाजातली. त्यांच्या दृष्टीने वेग हा गोऱ्यांपुढे केलेला तमाशा नव्हता, की मानखंडना नव्हती. आपापसांतल्या चढाओढीत, आपल्याच लोकांसमोर सिद्ध केलेले ते प्रभुत्व होते. त्यांच्या बाजूने जॉप्लिनला असा सवाल विचारता येतो: संथपणा म्हणजे प्रतिष्ठा, हे तुला कोणी शिकवले? कागदावर लिहिलेला प्रत्येक स्वर त्याच्या अवधीसह पवित्र मानावा, वादकाने रचनाकाराच्या आड येऊ नये, ही कल्पना जर्मन शिक्षकाच्या खोलीतून आलेली नाही काय? ज्यांनी तुला दाराबाहेर ठेवले त्यांच्याच तराजूत स्वतःला तोलून घेण्याची ही धडपड नाही काय?

हा सवाल महाराष्ट्राला अपरिचित वाटू नये. जॉप्लिन अमेरिकेत झगडत होता त्याच वर्षांत विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून, आणि भातखंड्यांनी १९१६ मध्ये बडोद्याला संगीत परिषद भरवून, हिंदुस्थानी संगीताला प्रतिष्ठित सभागृहात आणण्याचा यत्न चालवला होता. तो यत्न सफल झाला. पण ज्या गायिकांनी ते संगीत पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले होते त्यांना त्या सभागृहाचे दार बराच काळ किलकिलेच राहिले. प्रतिष्ठा मिळवताना कोणाला तरी मागे ठेवावे लागते, हा अनुभव मिझुरीतला आणि मिरजेतला सारखाच असावा. संथ, शुद्ध, लिखिताबरहुकूम वाजवलेल्या रॅगमागे गुत्त्यातला तो अनाम वादकही मागे राहतोच, ज्याला स्वरलिपी वाचता येत नव्हती आणि ज्याच्याकडून जॉप्लिन निःसंशय काही शिकला होता.

सवाल रास्त आहे. तरीही तो जॉप्लिनला निरुत्तर करीत नाही, याचे कारण पुढच्या इतिहासात सापडते. १९५० च्या आसपास रॅगटाइम अमेरिकेत पुन्हा थोडा वाजू लागला, तो मुख्यतः गोऱ्या वादकांच्या हातून आणि विनोदी रूपात. पट्ट्यापट्ट्यांचा सदरा, डोक्यावर गोल टोपी, पियानोच्या हातोड्यांना टाचण्या टोचून काढलेला पत्र्यासारखा आवाज, आणि वेग शक्य तितका अधिक. त्या ध्वनिमुद्रिका ऐकताना माणसाला हसू येते, आणि ते यावे अशीच योजना आहे. पण हसू कशाचे? जुन्या, भाबड्या, बावळट काळाचे, आणि त्या काळात अथक नाचणाऱ्या कोणा अदृश्य माणसाचे. जॉप्लिनला ज्याची भीती वाटत होती ते नेमके हेच. वेग एकाच मापाचा असला तरी जॉन्सनच्या हातात त्याचा एक अर्थ होतो आणि पट्टेदार सदऱ्यात दुसरा. यंत्राला हा फरक कळणार नाही; तो आकड्यात नाहीच.

१९७० मध्ये जोशुआ रिफ्किन या तरुण संगीतशास्त्रज्ञाने अभिजात संगीत काढणाऱ्या एका कंपनीसाठी जॉप्लिनचे रॅग ध्वनिमुद्रित केले. छापील स्वर, मोजकी गती, दागिन्यांचा अभाव. लोकांनी ही तबकडी आश्चर्य वाटावे इतक्या संख्येने विकत घेतली. त्यानंतर १९७३ च्या ‘द स्टिंग’ चित्रपटात ‘द एंटरटेनर’ वाजला. कथानक १९३० च्या दशकातले, संगीत त्याच्या तीस वर्षे आधीचे, पण हा कालविपर्यास कोणाला खटकला नाही, आणि १९७४ मध्ये रॅगटाइम अमेरिकेतल्या सर्वाधिक खपाच्या गाण्यांत जाऊन बसला. जॉप्लिनने १९११ मध्ये पदरमोड करून छापलेला, आणि १९१५ मध्ये हार्लेममधल्या एका खोलीत नेपथ्याविना, वाद्यवृंदाविना, स्वतः पियानोवर साथ करून दाखवलेला ‘ट्रीमोनिशा’ हा ऑपेरा १९७२ मध्ये अटलांटात रंगमंचावर आला. १९७६ मध्ये त्याला मरणोत्तर पुलित्झर सन्मान मिळाला. रिफ्किनने जे केले त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. त्याने सूचना वाचली आणि ती मनावर घेतली, एवढी साधी गोष्ट अर्धशतकभर फारशी कोणी केली नव्हती. पण त्याच्या मागून आलेल्या अनेकांनी संथपणाचे एक स्मारक उभारले. मिनिटाला शंभर ठोक्यांच्या कितीतरी खाली उतरून, प्रत्येक स्वर पाण्यातून काढल्यासारखा वाजवत, त्यांनी रॅगमधला नाच काढून टाकला. जॉप्लिनची आज्ञा त्यांनी त्याच्यापेक्षाही कडकपणे पाळली. येथेही दोन हातांमधली ओढाताण ऐकू येत नाही, कारण दोन ठोक्यांमधले अंतर एवढे वाढते की ओढायला दोरीच उरत नाही.

तेव्हा सूचनेतला ‘जलद’ हा शब्द वेगाचा कमी आणि दुर्लक्षाचा अधिक आहे, असे मानावे लागते. रचनेत कोणीतरी बोलत आहे हे वादकाला ऐकूच आले नाही, अशा वादनाला जॉप्लिनने हाती असलेला शब्द वापरला. हा अर्थ स्वीकारला की जॉन्सन आणि मॉर्टन निर्दोष ठरतात, स्मारके बांधणारे थोडे अडचणीत येतात, आणि बंद खोलीत एकट्याने वाजवणाऱ्याचा प्रश्नही सुटतो. त्याने मृताचा अपमान केलेला नाही. त्याने आपल्यासमोरच्या माणसाचे बोलणे ऐकून घेतलेले नाही. तो माणूस मेलेला असला तरी कागदावर तो समोरच असतो.

मात्र हा अर्थ फार सोयीचा आहे, आणि जो अर्थ सोयीचा त्याच्याविषयी सावध राहणे बरे. शब्द मोडला पण आशय पाळला, असे म्हणणारे प्रत्येक करार मोडणाऱ्यांत सापडतात. बाप जाताना जमीन विकू नका म्हणाला होता, पण त्याचा खरा हेतू मुले सुखी व्हावीत हा होता, असा युक्तिवाद करून किती जमिनी विकल्या गेल्या असतील! रचनाकाराने आकडा दिला, शब्द दिला, पुस्तिका लिहिली. एवढे सगळे करून त्याला जे सांगायचे होते ते त्याने सांगितलेच नाही, आणि ते मलाच कळले, हा दावा करणाऱ्या वादकावर तो सिद्ध करण्याची जबाबदारी येते. ती पियानोवर बसूनच पार पाडावी लागते. जॉन्सनने ती पार पाडली. प्रत्येकाला तो आधार घेता येणार नाही.

शिवाय जॉप्लिन स्वतःही वाटतो तितका ताठर नव्हता. १९१० च्या ‘स्टॉपटाइम रॅग’वर गतीच्या जागी त्याने ‘जलद किंवा संथ’ असे छापले आहे. इतकी वर्षे धरलेला आग्रह तेथे एकाएकी सोडून दिलेला दिसतो, आणि वादकाने मधूनमधून जमिनीवर टाच आपटावी अशी खूणही पानभर दिलेली आहे. हा नाचाचा रॅग आहे. डावा हात येथे ठिकठिकाणी थांबतो, आणि थांबलेल्या ठोक्याची जागा पाय घेतो. जेथे वादकाचे सगळे शरीर वाजवण्यात गुंतलेले असते तेथे नुसत्या बोटांचा तमाशा होण्याचे भय कमी असते, एवढे तरी यावरून म्हणता येईल. किंवा ती केवळ एका रचनेपुरती लहर असेल.

१ एप्रिल १९१७ रोजी जॉप्लिन न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन स्टेट हॉस्पिटल या मनोरुग्णालयात वारला. क्वीन्समधल्या सेंट मायकेल्स दफनभूमीत त्याला पुरले. त्या जागेवर १९७४ पर्यंत नावाचा दगडही नव्हता. त्याची पत्नी लॉटी हिने अनेक वर्षांनी एक आठवण सांगितली. आपल्या अंत्यसंस्काराच्या वेळी ‘मेपल लीफ रॅग’ वाजवावा, अशी जॉप्लिनची इच्छा होती. तिने नकार दिला. त्या प्रसंगी ते संगीत शोभणार नाही असे तिला वाटले असावे, आणि तसे वाटण्यात तिची काही चूक होती असे म्हणवत नाही. १९१७ साली न्यूयॉर्कमध्ये रॅगटाइमविषयी बहुतेक सभ्य माणसांचे मत तेच होते, आणि ते बदलावे म्हणून त्याने आयुष्य घालवले होते. आपण हो म्हणायला हवे होते, असे तिला नंतर कितीदा तरी वाटत राहिले. तो कोणत्या गतीने वाजवायचा हे मात्र त्याने सांगून ठेवले होते की नाही, हे तिच्या आठवणीत नाही.